भट्टी खव्याची, वाट बालाघाटाची

सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच विषय निघतो, जायचं कुठं? महाबळेश्वर परवडत नाही, कोकण लांब पडतं, आणि सासर-माहेर म्हणजे काही सहल नव्हे. तिथं गेलं तरी पोळपाट-लाटणं आपल्याच हाती येतं! म्हणून म्हणते, या वेळी बीडच्या बाजूला या.

"बीडला? तिथं आहे काय?" असंच म्हणाल ना? दुष्काळाच्या बातम्या आणि निवडणुकीतली भांडणं यांपलीकडे आमच्या जिल्ह्याचं नाव कानी पडत नाही, त्यामुळं तुमचंही चुकत नाही. पण बीड जिल्ह्याचे दोन भाग आहेत, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. गोदावरीच्या काठचा सखल, काळ्या मातीचा तो गंगथडी, आणि दक्षिणेकडचा डोंगरपठाराचा तो बालाघाट. मी सांगते आहे ती सहल बालाघाटावरची. मुक्काम बीडला ठेवावा आणि लिंबागणेश हे मधलं ठिकाण धरून दोन दिवस हिंडावं.

दिवस निवडताना मात्र पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक दोन्ही समोर ठेवा. पावसाळा सरता सरता, भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत, हा डोंगर हिरवा असतो. उन्हाळ्यात याल तर नुसता काळा कातळ दिसेल आणि मुलं कुरकुर करतील. महिला म्हणून आपल्याला एसटीचं तिकीट १७ मार्च २०२३ पासून निम्म्या दरात मिळतं, तेव्हा खर्चाची सबब सांगू नका.

बीड शहरातून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. विहिरीला भुयारं आहेत. काहींतून पाणी आत येतं आणि एकातून ते उताराने शेतांकडं जातं. ना मोट, ना पंप. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी जमिनीचा उतार नीट ओळखला आणि पाण्याला आपल्या पायांनी चालायला लावलं, एवढीच त्यातली करामत. मुलांना ही विहीर अवश्य दाखवा. किल्ल्यांत राजे लढले हे ती पाठ करतात, पण राज्य पाण्यावर चालतं हे त्यांना इथं उमगेल. शहरात वेळ मिळाला तर तळ्यामधलं कंकालेश्वराचं देऊळही पाहून घ्या. चहूकडं पाणी आणि मधोमध काळ्या दगडाचं ते मंदिर, संध्याकाळी फार छान दिसतं.

पुढं पालीचा बिंदुसरा तलाव लागतो आणि मग मांजरसुंब्याचा घाट. घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या दिसतील. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दार्जिलिंगचा चहा तसं बीडचं सीताफळ, असं कागदोपत्री झालं. पाटीवाल्या बाईच्या पदरात त्याने किती पडलं, हा वेगळा प्रश्न. घेताना डोळे मोठे झालेली आणि खाचा पांढुरक्या पडलेली फळं निवडा. डोळे मिटलेलं फळ कितीही दिवस ठेवलं तरी ते काळं पडेल, पिकायचं नाही. घरी आणल्यावर गव्हा-ज्वारीच्या डब्यात किंवा गवतात अढी घाला, दोन-तीन दिवसांत हाताला मऊ लागतात. आणि घासाघीस करू नका हो! हातगाडीवर आपण दहा रुपयांसाठी भांडतो, पण ही फळं डोंगरातून डोक्यावर वाहून आणलेली असतात.

मांजरसुंब्याजवळच दरीत कपिलधार आहे. वीरशैव संत मन्मथस्वामींची इथं समाधी आहे. धबधब्याचं पाणी समोर कोसळत असतं, म्हणून दर्शनाला येणारा माणूस आधी थंड होतो, मग देवळात जातो. कार्तिक पौर्णिमेला इथं मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या पायी येतात. ज्यांना गर्दीचं वावडं आहे त्यांनी ते दिवस टाळावेत. मला विचाराल तर एकदा तरी यात्रेतच यावं. एरवी आपल्याला रस्त्याने मोकळं चालायला मिळतं कुठं? दिंडीत चालणाऱ्या बाईला मात्र कुणी "कुठं निघालीस?" म्हणून विचारत नाही.

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला वळलं की लिंबागणेश. गाव तसं साधंच, पण गणपतीमुळं नाव मोठं. इथल्या गणपतीला भालचंद्र म्हणतात. चंद्र गणपतीला हसला, गणपतीने शाप दिला, ही गोष्ट आपण सगळ्या चतुर्थीला मुलांना सांगतो. त्या चंद्राने पश्चात्तापाने तप केलं ते याच ठिकाणी, अशी इथली श्रद्धा आहे. जवळच्या तीर्थालाही चंद्रपुष्करिणी म्हणतात. देवाने शाप एका रात्रीपुरता ठेवला आणि चंद्राला कपाळावर धारण केलं. संकष्टीला दिवसभर उपाशी राहून गच्चीवर चंद्राची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गावाविषयी जिव्हाळा वाटला नाही तरच नवल. गणपतीचीच हौस असेल तर नामलगाव आणि नवगण राजुरी ही गणपतीची जुनी ठिकाणंही बीड तालुक्यातच आहेत.

लिंबागणेशच्या बाजूच्या माळावर उभं राहून मुलांना आणखी एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे. या पठारावरचं काही पाणी उत्तरेला बिंदुसरेत जातं, तिथून सिंदफणेत आणि पुढं गोदावरीत. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र उलट्या दिशेने निघते, लातूर, बिदर, तेलंगण असा लांबचा फेरा घालते आणि शेवटी गोदावरीलाच मिळते. एकाच आईच्या दोन लेकी, एक गावातच दिलेली, दुसरी परमुलखात.

पाऊस चांगला झाला असेल तर तसंच पुढं सौताड्याला जावं. विंचरणा नदी तिथं उंच कड्यावरून खाली पडते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. मुलांचे हात सोडू नका, कडा निसरडा असतो. पाटोदा तालुक्यातच नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ सालचं. मोर पाहायचे तर सकाळी लवकर जायला हवं, आणि ते आपल्याला जमत नाही हे मी अनुभवाने सांगते. सगळ्यांच्या आंघोळी आणि चहा होईस्तोवर मोर आपापल्या कामाला निघून गेलेले असतात.

आता भट्टीचं. जर्मनीत फ्रँकोनिया नावाच्या भागात आउफसेस म्हणून एक लहानशी ग्रामपंचायत आहे. दीड हजारांपेक्षा कमी वस्ती आणि तिथं बिअर गाळणारी घराणी चार! चारी ठिकाणांना जोडणारी तेरा-चौदा किलोमीटरची पायवाट आहे. सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको, पोरंबाळं, आजी-आजोबा ती वाट चालत जातात, प्रत्येक ठिकाणी बसतात, खातात, पितात आणि पुढं निघतात. वाचून हेवा वाटला तो बिअरचा नव्हे. घरचा धंदा, गावची चव आणि ती चाखायला सगळ्या कुटुंबाने पायी जायचं, याचा. आपल्याकडं "भट्टी" म्हटलं की बायकांच्या पोटात गोळा येतो. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या सरकारच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होतं अबकारीचं. पुढं राज्यं बदलली, हातभट्टी राहिली.

पण बालाघाटाला दुसरीही भट्टी आहे, खव्याची. मांजरसुंब्याहून चौसाळ्यावरून खाली उतरलं की धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी लागते. जैनांचं हे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं हे निर्वाणस्थान, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली तीही इथंच. डोंगरावरची मंदिरं पाहून खाली आलं की पेढा. कुंथलगिरीचा पेढा मराठवाड्यात कुणाला सांगावा लागत नाही.

या पेढ्यामागं आसपासच्या गावांतल्या खव्याच्या भट्ट्या आहेत. कोरडवाहू जमिनीत पीक बेभरवशाचं, म्हणून घरोघर म्हशी. सकाळचं दूध भट्टीवर येतं, मोठ्या लोखंडी कढईत पडतं आणि खाली लाकडाचा जाळ. माणूस उलथणं हातातून सोडत नाही, कारण क्षणभर थांबलं तरी खालून लागतं. म्हशीचं साधारण चार-पाच लिटर दूध आटलं तेव्हा कुठं किलोभर खवा होतो. भट्टीवर उभं राहून पाहायला मिळालं तर जरूर पाहा, आणि ताजा, कोमट खवा चिमूटभर तोंडात टाका. बाजारातला खवा मग खाववणार नाही, ही मात्र जोखीम आहे. खरा खवा तळहातावर चोळला की तूप सुटतं आणि वास दुधाचा येतो.

आणि आता ते, जे सांगितल्याशिवाय ही सहल मी तुम्हाला सुचवणारच नाही. दसरा-दिवाळी झाली की याच रस्त्यांवर संसारांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर दिसतील. वर बोचकी, चूल, शेळी, कोंबड्यांची खुराडी आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेली ही आमच्या डोंगरातली माणसं. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात "कोयता". मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेस्तोवर सुटका नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग पाळीचे चार दिवस बाईने काय करायचं? फडात आडोसा नाही, कोपीत न्हाणी नाही. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहा जणींत एक! आपल्या ओळखीतल्या सहा बायका मोजा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

त्या उसाची साखर होते, साखरेची मळी उरते आणि मळीपासून मद्य. म्हणजे नवरा-बायको दोघांनी तोडलेला ऊस बाटलीत भरून पुन्हा गावात येतो आणि तिच्याच मजुरीतून विकत घेतला जातो. पाण्याचंही तेच. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात आमच्या मराठवाड्यातल्या बिअर आणि मद्याच्या कारखान्यांना पाणी मिळतच होतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्या पाण्यात आधी निम्मी आणि १० मेपासून साठ टक्के कपात करायला लावली तेव्हा कुठं ते कमी झालं.

दारूच्या दुकानाबाबत आपल्या हाती काय आहे, तेही गावोगावच्या बायकांना विचारा, त्या सांगतील. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली की परवान्याचं दुकान बंद. मेख अशी की मोजणी आलेल्या मतांची नाही, यादीतल्या सगळ्या बायकांची होते. मतदान उसाच्या हंगामात ठेवलं तर आमच्या डोंगरगावातल्या निम्म्या बायका फडात! म्हणून तारीख मागताना हंगाम संपल्यावरची मागायची.

त्या दिवसांत गावातून फिराल तर बऱ्याच घरांना कुलपं दिसतील आणि ओट्यावर म्हातारी माणसं. मागं ठेवलेली मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहून शाळा करतात. त्यांच्याशी बोला, पण गोळ्या-चॉकलेटं वाटत फिरू नका, ते मुलांना नको असतं. जुनी पण धड गोष्टींची पुस्तकं नेलीत आणि शाळेत दिलीत तर मास्तर-बाई खूश होतील.

बरोबर काय न्यावं? दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, धपाटे एक दिवस, शेंगदाण्याची चटणी कितीही. पिण्याचं पाणी घरून भरून घ्या, वाटेत मागताना विचार करून मागा, इथं ते लांबून आणलेलं असतं. खवा घ्यायचा तो परतीच्या दिवशी, सगळ्यांत शेवटी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम धरतो. स्वच्छ फडक्यात सैल बांधून डब्यात ठेवा. घरी पोचल्यावर कितीही दमला असलात तरी झोपण्यापूर्वी मंद आचेवर परतून ठेवा, तांबूस होईस्तोवर. मग फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. निम्म्याचे गुलाबजाम, निम्म्याची खव्याची पोळी, आणि पोळीच्या सारणात गूळ नको, पिठीसाखरच घाला.