दया नको, कलम ४१ चा हिशेब द्या!

"वकीलसाहेब, उत्पन्न किती लिहायचं?"

२०२५ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट. रविवारी बुद्धवंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आम्ही चार-पाच कार्यकर्ते समाजबांधवांचे अर्ज भरून द्यायला बसतो. तिथे एका मायमाऊलीने हा प्रश्न विचारला. सगळे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणीत गेलेले. नवरा वारलेला, मुलगा बांधकामावर बिगारी. लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० रुपये मिळत होते, तेवढाच आधार होता. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली आणि तोही तुटला. आता श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायचा होता. आम्ही म्हणालो, "आई, खरे असेल ते लिहू." त्यावर ती म्हणाली, "खरं लिवलं तर मिळंल का?"

कोर्टात उलटतपासणी घेणारे आम्ही, त्या ओट्यावर निरुत्तर झालो. कारण खरे लिहिले तर मिळणार नव्हते.

का मिळणार नव्हते ते समजून घेणे गरजेचे आहे. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. त्याच वेळी ६५ वर्षांवरील वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती फक्त २१,००० रुपये. आता अडीच लाखांना बाराने भागून पाहा. महिन्याला २०,८३३ रुपये येतात. म्हणजे एका योजनेत जी महिन्याची मर्यादा, जवळपास तीच दुसऱ्या योजनेत वर्षाची! पासष्टी ओलांडली की बाई एका दिवसात बारा पटीने श्रीमंत होते काय? हात थकले, काम सुटले, औषधाचा खर्च वाढला, आणि नेमके तेव्हाच शासन म्हणते की आता तुम्ही गरीब राहिला नाहीत!

२१,००० रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला १,७५०, म्हणजे दिवसाला ५७-५८ रुपये. तेही एका माणसाचे नव्हे, सबंध कुटुंबाचे. या महाराष्ट्रात ५८ रुपयांत कोणते कुटुंब जगते ते मंत्रालयातल्या साहेबांनी एकदा दाखवून द्यावे. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये होती. तेव्हा कायद्याने हमी दिलेले १०० दिवसांचे काम एखाद्या कुटुंबाला पूर्ण मिळाले तर त्याचे २९,७०० रुपये होत. म्हणजे ७१ व्या दिवशीच ते कुटुंब मर्यादा ओलांडते आणि घरातला म्हातारा अपात्र ठरतो! शासनाने एका हाताने दिलेली मजुरी हेच दुसऱ्या हाताने निवृत्तिवेतन नाकारण्याचे कारण ठरते.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर ही अट आडवी येत नाही, असे कोणी म्हणेल. पण ती यादी २००२ च्या सर्वेक्षणावर बेतलेली. त्या वेळी जो वस्तीत नव्हता, ऊसतोडीला गेला होता, ज्याचे घर मोजायला कोणी फिरकलेच नाही, त्याने काय करायचे?

मग लोक काय करतात? जे सर्वांना माहीत आहे तेच करतात. २० हजारांचा, २१ हजारांचा दाखला आणतात. देणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला ठाऊक असते, मंजूर करणाऱ्यालाही ठाऊक असते. आणि जिथे खोट्याशिवाय काम होत नाही तिथे दलाल बसतो. पहिल्या महिन्याचे पैसे त्याच्या खिशात जातात. उद्या कोणी गावकीतल्या रागातून तक्रार केली तर 'खोटा दाखला दिला' म्हणून गुन्हेगार ठरणार ती म्हातारी. दलाल नाही आणि २१ हजारांची रेघ मारणारा तर नाहीच नाही. ज्या माऊलीने दर पौर्णिमेला पंचशील घेताना 'मुसावादा वेरमणी' म्हटले, तिला सरणाकडे जाताना शासन खोटे बोलायला लावते. दीड हजार रुपयांसाठी! ही शोकांतिका नव्हे तर काय?

आता दुसरी बाजू पाहू. वृद्धांसाठी शासन काहीच करत नाही असे नाही. जुन्या करप्रणालीत साठी ओलांडलेल्याला ३ लाखांपर्यंत आणि ऐंशी ओलांडलेल्याला ५ लाखांपर्यंत आयकर नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ज्येष्ठांना बँक-पोस्टातील ठेवींच्या व्याजावर ५०,००० रुपयांची वजावट दिली. २०२३ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची ठेवमर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली. २०२५ मध्ये व्याजावरील टीडीएसची मर्यादा ५० हजारांवरून १ लाखावर गेली. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या आरक्षणामुळे जे शिकले, नोकरीला लागले, त्या आपल्या बांधवांनाही या सवलतींचा लाभ होतो. तो त्यांचा हक्क आहे आणि तो काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. आमचा सवाल एवढाच, की ज्याच्याकडे ठेव आहे त्याची मर्यादा महागाई पाहून वाढते, तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याची का वाढत नाही? एकाला नुसत्या व्याजावर ५० हजारांची सूट, आणि दुसऱ्याच्या अख्ख्या कुटुंबाने २१ हजारांत जगून दाखवायचे!

केंद्राचा हिशेब तर याहून विदारक. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा केंद्राचा वाटा महिन्याला ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० रुपये केला. २००७ मध्ये योजनेचे नाव बदलले, २०११ मध्ये पात्रतेचे वय ६५ वरून ६० वर आणले, ऐंशीच्या पुढच्यांना ५०० रुपये केले. मात्र त्याखालच्यांसाठी २०२४ उजाडले तरी २०० चे २०१ झाले नाहीत. राज्याने २०२३ मध्ये एकूण रक्कम १,००० वरून १,५०० केली, तेवढाच दिलासा.

या सगळ्याच्या मुळाशी एक दृष्टी आहे. योजनेचे नावच पाहा. श्रावणबाळ! आईबापांना कावडीत बसवून नेणारा पुराणातला मुलगा. म्हणजे म्हाताऱ्याला सांभाळणे हे पुण्यकर्म, आणि शासन जणू पुण्य कमावणारा पुत्र. पण या देशाचा कारभार पुराणावर चालत नाही, संविधानावर चालतो. संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा अधिकार असे स्वच्छ लिहिले आहे. तिथे शब्द अधिकार आहे, उपकार नाही. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सरकारी कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे असा निर्वाळा दिला, कारण ते त्याने सेवेतून कमावलेले असते. मग ज्या माऊलीने पन्नास वर्षे देशाचे धान्य पिकवले, ज्याने गटारे उपसली, रस्त्यावर डांबर ओतले, त्याने सेवा केली नाही काय?

यावर सत्ताधाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते की कलम ४१ मध्येच 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे म्हटले आहे. बरोबर आहे. पण २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंतच्या बहिणींना द्यायला क्षमता होती, ती पासष्टीच्या उंबरठ्यावर येऊन कशी आटते? बहिणींना मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच बहिणीची आजी झाली की शासन तोंड फिरवते, हे आम्ही सहन का करावे? मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात दाद मागता येत नसली तरी ती धाब्यावर बसवणाऱ्याला निवडणुकीत मतदारांसमोर जाब द्यावा लागेल, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बजावले होते. तो जाब विचारण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले आहे. आपण तो विचारला काय?

आमची मागणी साधी आहे. वृद्धांसाठीची उत्पन्नमर्यादा लाडक्या बहिणीइतकीच करा. त्या योजनेत २०२४ मध्ये पिवळे वा केशरी रेशनकार्ड असणाऱ्याला उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली होती, तीच वृद्धांना द्या. जो कागद मुलीसाठी पुरावा ठरतो तो आईसाठी का ठरू नये? एवढे केले तरी दलालाचा निम्मा धंदा बसेल.

आणि ही मागणी मान्य होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. निवृत्त झालेल्या आपल्या शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी बांधवांनी रविवारचे दोन तास विहारात द्यावेत. जन्माचा दाखला नाही म्हणून म्हाताऱ्यांना परत पाठवले जाते. अशा वेळी मतदार यादीतले किंवा रेशनकार्डावरचे वय, तेही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखला चालतो, हे त्यांना सांगावे. बँक खाते आधारला जोडले आहे का ते पाहावे. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याची आठवण ठेवावी. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तहसील कार्यालयाची पायरी उतरू नये. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे, नाही दिले तर माहितीच्या अधिकारात मागावे. या कामाला वकिलाची सनद लागत नाही, नुसती तळमळ लागते.

त्या माऊलीचा अर्ज आम्ही खऱ्या उत्पन्नासह भरला आणि सोबत एक निवेदन जोडले की ही मर्यादा कलम ४१ चा भंग करणारी आहे. अर्ज नामंजूर झाला. तसे लेखी उत्तर आमच्याकडे आहे. असे एक उत्तर कपाटात पडून राहते. पण गावोगावच्या विहारांतून अशी हजार उत्तरे जमा झाली, तर ती घेऊन कोणत्या दारात जायचे ते आम्ही जाणतो.

जयभीम!