विमानतळावरचे चालणे: व्हीलचेअर सांगण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, पुढच्या महिन्यात मुलाकडे अमेरिकेला चाललोय. प्रवासाला फिट आहे असं लिहून द्या." असे म्हणत येणाऱ्या आजी-आजोबांना मी एक साधा प्रश्न विचारतो. न थांबता, हातात पिशवी घेऊन, तुम्ही किती चालू शकता? बहुतेक वेळा उत्तर येते, "घरातल्या घरात दिवसभर चालतेच की." आणि लगेच सोबतची मुलगी किंवा सून सांगते, "व्हीलचेअर सांगून ठेवलीये, त्यामुळे चालायचा प्रश्नच नाही."

प्रश्न इथेच सुरू होतो. व्हीलचेअर मिळेल, जरूर घ्यावी. पण चालता का येत नाही, याचे उत्तर घरात कोणी शोधले आहे का? "वय झालं" हे निदान नव्हे. दोन वर्षांपूर्वी देवळापर्यंत आरामात जाणारी व्यक्ती आज कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबत असेल, तर त्यामागे हृदय, फुप्फुसे, पायाच्या रक्तवाहिन्या, मणका, गुडघे किंवा रक्तातील हिमोग्लोबिन यांपैकी काहीतरी असते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. प्रवास हे तपासणीचे चांगले निमित्त आहे.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. आपण घराच्या दारातून टॅक्सीत बसतो आणि टर्मिनलच्या दाराशी उतरतो, म्हणून चालणे नगण्य वाटते. प्रत्यक्षात सामान देण्याची रांग, सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन, मग गेट. परदेशातल्या मोठ्या विमानतळांवर तर गेटच्या पाटीवरच '१५ मिनिटे', '२० मिनिटे' असे लिहिलेले असते. एका बाजूचे चालणे एक किलोमीटरच्या आसपास सहज जाते आणि विमान बदलायचे असेल तर ते पुन्हा. उतरल्यावरही सुटका नसते. अ‍ॅपवरची टॅक्सी अनेक ठिकाणी टर्मिनलच्या दाराशी येत नाही, पार्किंगच्या इमारतीपर्यंत जावे लागते. मुंबईत आता दोन्ही टर्मिनलसाठी मेट्रो ३ चे स्थानक आहे. सोय उत्तम आहे, पण मेट्रोने जायचे म्हणजे बॅग ओढत चालणे आणि जिने-लिफ्ट आलेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ८० वर्षांच्या एका गृहस्थांची बातमी तुम्ही वाचली असेल. पती-पत्नी दोघांसाठी व्हीलचेअर आधीच सांगितलेली होती. लगेच एकच मिळाली, ती पत्नीला दिली गेली. दुसरी येईपर्यंत थांबायला सांगितले असता ते पत्नीसोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. कंपनीची जबाबदारी होतीच. पण रुग्णाच्या घरच्यांनी यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: खुर्ची आली नाही, तर ती येईपर्यंत बसून राहायचे. विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगून आसनावरच थांबले तरी चालते. "एवढंसं तर आहे, चालतो मी," हे वाक्य त्या क्षणी फार महागात पडू शकते.

चालणे तेच असले तरी विमानतळावर ते शरीराला जड का जाते? रात्रीची झोप झालेली नसते. गोळ्यांच्या वेळा चुकलेल्या असतात. प्रवासात सारखे उठायला नको म्हणून अनेक जण लघवीची गोळी स्वतःच बंद करतात आणि मग पायावर सूज व धाप घेऊन उतरतात. विमानातील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा असतो, त्यामुळे हृदय किंवा फुप्फुस कमकुवत असेल तर लांबच्या प्रवासानंतर थकवा अधिक जाणवतो. त्यात बॅग ओढायची, गेट बंद होईल म्हणून घाई करायची. आणि जानेवारीत न्यूयॉर्कला दाराबाहेर पडताच गार वारा छातीवर येतो. चालणे, ओझे, घाई आणि थंडी ही चारही छातीत दुखणे सुरू करणारी कारणे तिथे एकत्र भेटतात.

आता लक्षणांकडे नीट पाहा, कारण चालताना नेमके काय होते आणि थांबल्यावर काय होते, यावरून डॉक्टरांना खूप काही कळते.

चालताना छातीत दडपण येते, गळा आवळल्यासारखा वाटतो, जबडा किंवा डावा हात भरून येतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत बरे वाटते, तर हृदयाला रक्त कमी पडत असण्याची शक्यता आहे. अनेक रुग्ण याला "गॅस" म्हणतात. पण गॅस चालल्यावर येऊन थांबल्यावर जात नाही. मधुमेह असेल तर छातीत न दुखता फक्त धाप, घाम किंवा अचानक गळून गेल्यासारखे वाटू शकते, तेही तितकेच गंभीर समजा.

ठराविक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, उभे राहिले की दोन-पाच मिनिटांत जातो आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर येतो. ही पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असते. तंबाखू, विडी-सिगारेट आणि मधुमेह ही तिची नेहमीची कारणे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना केली की बरेचसे कळते. सुई टोचावी लागत नाही.

काही जण मात्र एक गमतीशीर गोष्ट सांगतात: "सामानाची ट्रॉली धरली की मला छान चालता येतं, ट्रॉली सोडली की पाय जड होतात." हा भास नसतो. कमरेच्या मणक्यात नसांची जागा अरुंद झाली असेल, तर पुढे वाकल्यावर ती थोडी मोकळी होते आणि ट्रॉली ढकलताना आपण वाकतोच. अशा व्यक्तीला नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे लागते. रक्तवाहिनीचे दुखणे आणि मणक्याचे दुखणे यांतला हा फरक ओपीडीत आवर्जून सांगा.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. काठी वापरा, नवे बूट प्रवासासाठी राखून ठेवू नका, आधी महिनाभर घालून मोडवून घ्या. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेही व्यक्तीला नव्या बुटाचा फोड कळतही नाही आणि तो परदेशात चिघळतो.

तिकीट काढले की घरीच एक तालीम करा. निघण्याच्या चार-सहा आठवडे आधी सोसायटीच्या आवारात, सपाट जागी, नेहमीच्या गतीने दहा-बारा मिनिटे चाला. सोबत कोणीतरी असू द्या. छातीत दडपण आले, बोलता येऊ नये इतकी धाप लागली, चक्कर आली किंवा पाय थांबवू लागले, तर तिथेच थांबा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रेटून पूर्ण करायची ही परीक्षा नाही. ज्यांना आधीच विश्रांतीत त्रास होतो किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे, त्यांनी ही तालीम करूच नये, थेट दाखवावे. रुग्णालयातही सपाट कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटे चालवून अंतर मोजण्याची चाचणी असते. त्रास झाला नाही, तर रोज थोडे वाढवत चाला.

व्हीलचेअर सांगताना नेमकी गरज सांगा. विमान कंपन्यांकडे तिचे प्रकार असतात: जिना चढता येतो पण लांब चालता येत नाही, जिनाही चढता येत नाही, किंवा आसनापर्यंत न्यावे लागते. भारतात ही मदत किमान ४८ तास आधी कळवावी. एक स्पष्ट बोलतो: तब्येत ठणठणीत असताना केवळ इंग्रजी येत नाही किंवा रस्ता चुकेल म्हणून खुर्ची मागू नका. त्यासाठी सोबत नेणारी 'मीट अँड असिस्ट' सेवा वेगळी मिळते. खुर्च्या मोजक्या असतात आणि रांगेत मागे खरोखर धाप लागलेले कोणी असू शकते.

त्या दिवशी औषधे, चिठ्ठ्या आणि अलीकडचा ईसीजी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात, कारण रांगेत जेवण लांबते. चालताना छातीत दुखू लागले तर आधी बसा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर ती बसूनच घ्या, उभे राहून घेतल्यास रक्तदाब उतरून पडायला होते. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर जवळच्या कर्मचाऱ्याला वैद्यकीय मदत बोलवायला सांगा. "विमान चुकेल" हा विचार तेव्हा करू नका.

उतरताना गर्दीच्या आधी उठण्याची घाई नको. बसल्या जागी पावले वर-खाली करा, मग उठा, क्षणभर आसन धरून उभे राहा. दोन्ही घोट्यांवर थोडी सूज येणे नेहमीचे आहे आणि ती एक-दोन दिवसांत उतरते. पण पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि लांबचा विमानप्रवास केला आहे हे डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा.