फोन फॉरमॅट करू नका: डिजिटल पुरावा कसा जपतात?

कुणाच्या तरी नावाने स्क्रीनशॉट फिरतो, तक्रार होते आणि घाबरलेले घरचेच आधी मोबाईल फॉरमॅट करून टाकतात. आपण हे अनेकदा ऐकतो. मुलगा निर्दोष असेल तर त्याचा पुरावाही त्यातच जातो!

डिजिटल फॉरेन्सिकचा पहिला धडा हाच: मूळ वस्तू बदलू द्यायची नाही. डिस्कची हुबेहूब प्रत घेतात, तपास त्या प्रतीवरच. सोबत हॅश काढतात, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा आकडा. एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा आकडा पार बदलतो.

कोर्टात याचं वजन किती? 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवर आला. त्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. सगळे प्रयत्न करूनही ते देणारा देत नसेल, तरच सूट. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात हॅशही लिहावा लागतो. नुसता स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही, हे आपल्या वकिलांनाही विचारा.

बारावी सायन्सनंतर नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांची चौकशी करा. तोवर ‘ऑटॉप्सी’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, जुन्या पेन ड्राइव्हवरचे फोटो डिलीट करा आणि परत शोधून काढा. पेन ड्राइव्ह मात्र स्वतःचाच हवा. दुसऱ्याचा परवानगीशिवाय उघडणं हा गुन्हा ठरू शकतो.