मागची दाढ

पहाटे साडेपाच. दापोऱ्यात केळीच्या कटाईची माणसं निघायच्या आत मी ब्रश उरकते. ओट्यावर सासूबाई मिसरी लावत बसलेल्या, तव्यावर तंबाखू जाळून घरीच केलेली. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 मध्येच बंदी आली. तव्याला कोण बंदी घालणार?

नऊ. अंगणवाडी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दिसते, म्हणून आयाही ब्रशभर लावतात. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते, हे मी तांदूळ-वाटाणा तळहातावर ठेवूनच दाखवते.

साडेदहा. पहिलीचा वर्ग. एका मुलीला म्हटलं, "आ कर." दुधाच्या शेवटच्या दाढेमागे नवी दाढ आणि तिच्या खळग्यात काळा ठिपका. आई म्हणाली, "पडंल ना ताई, दुधाची हाय." नाही पडत. सहाव्या वर्षी ही दाढ एकही दात न पाडता गुपचूप येते, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आईच्या आली नाही. एकोणिसाव्या वर्षी उपटावी लागली. आजही घास डावीकडेच चावते.

दुपार रजिस्टर भरण्यात गेली.

चार. केळीचे घड वाहणारा एक दादा गाल धरून आला. दाढेत लवंग. तिनं घटकाभर बधिर होतं, कीड तशीच. कुणी रिंगणीच्या बियांची धुरी घे म्हणालं होतं, अळी पडते म्हणे. अळी कसली? गोडावर जगणारे जंतू आम्ल करतात आणि त्यानं दात विरघळतो. गालाला सूज, अंगात कणकण. "शेकू नका, आजच जिल्हा रुग्णालयात जा," म्हणून बुऱ्हाणपूरच्या गाडीत बसवला.

सात. नवऱ्यानं येताना मावा जलेबी आणली. जेवणासोबत एकदाच खाऊन टाकायची. येता-जाता तुकडा मोडला की दर वेळी अर्धा-एक तास दात आम्लात.

साडेनऊ. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश मी सोडू देत नाही. पोरगा कुरकुरत घासतो. पेस्ट थुंकायची, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही. मोबाईलचा उजेड पाडून मी त्याची मागची दाढ बघत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझं बी बघ गं."

मिसरी धरायची त्याच बाजूला, हिरडीवर पांढरा चट्टा. बोटानं पुसला, गेला नाही.

उद्याच्या गृहभेटी दुपारी. सकाळी आधी बुऱ्हाणपूर.