डायनमो चार्ज करत नसेल तर

जुन्या अँबॅसडरचा चार्जिंगचा लाल दिवा आयडलिंगला मिणमिणला की लोक घाबरून नवी बॅटरी आणतात. कृपया ही घाई करू नका. मंद फेऱ्यांवर डायनमो पुरेशी वीज देतच नाही. रेस वाढवूनही दिवा विझला नाही, तरच दोष शोधायचा.

आधी इंजिन बंद ठेवून डायनमोचा पट्टा सैल नाही ना ते दाबून पाहा, बॅटरीची टर्मिनल आणि अर्थची वायर घासून स्वच्छ करा. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

मग खरी चाचणी. ल्युकास पद्धतीच्या डायनमोवरच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढा. ती टर्मिनल तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि तिथून डायनमोच्या बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावा. इंजिन सुरू करून रेस अगदी हळू वाढवा. काटा सरसर चढून २० व्होल्टकडे गेला, तर डायनमो ठणठणीत आहे. दोष कटआऊटमध्ये किंवा वायरिंगमध्ये. तिथेच थांबा, जास्त रेस दिली तर वाइंडिंग जळेल. काटा हललाच नाही, तर कार्बन ब्रश बघा. बहुधा ते झिजलेले किंवा अडकलेले असतात.

अल्टरनेटर बसवलेल्या गाडीवर हा प्रयोग नको. चालू इंजिनवर बॅटरीची वायर तर कधीच काढू नका, डायोड जळतात. तिथे रेस दिल्यावर बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले की पुरे.