औंधचा नमस्कार, देशोदेशीचा सूर्य

योग शिकवत जग हिंडणे हा आता एक धंदा झाला आहे. ऋषिकेशला किंवा गोव्याला दोनशे तासांचा वर्ग पुरा करायचा, प्रमाणपत्र खिशात घालायचे आणि निघायचे. दोन महिने बालीच्या किनाऱ्यावर, एक हंगाम पोर्तुगालात, मग जिथून बोलावणे येईल तिथे. युरोप-अमेरिकेतल्या तरुणांनी ही वाट पाडली. आपल्याकडच्या मुलामुलींनाही आता तिची ओढ वाटू लागली आहे. आई-वडिलांना काळजी वाटते आणि पोरांना वाटते की जगण्याचा हा एक अगदी नवा प्रकार आपल्याला सापडला आहे.

तो तितकासा नवा नाही. या फिरत्या शिक्षकांच्या वर्गात कोणत्याही देशी, कोणत्याही सकाळी जी एक गोष्ट बहुधा केली जातेच, ती म्हणजे सूर्यनमस्कार. आणि हा नमस्कार मंत्रांसह, पद्धतशीर मांडून, छापून, साहेबाच्या देशापर्यंत पोचवला तो सातारा-सांगलीच्या माळरानावर विखुरलेल्या एका चिमुकल्या संस्थानाने. त्या संस्थानाचे नाव औंध. राजाने तो मांडला आणि राजपुत्र तो घेऊन अर्धे जग फिरला. योग आणि भ्रमंती यांचा संसार कसा चालतो, कुठे अडतो, हे पाहायचे तर आधी या बापलेकांची गोष्ट पाहिली पाहिजे.

डंबेल्स आणि नमस्कार

औंध संस्थान म्हणजे बहात्तर खेड्यांची एक तुटकी माळ. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात. एक तुकडा थेट विजापूरकडे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, तिजोरी त्याहून हलकी. पण या संस्थानाच्या गादीवर १९०९ साली बसलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे गृहस्थ हौसेचे आणि चिकाटीचे होते. ते स्वतः चित्रकार. कीर्तनही उत्तम करीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली ती याच राजाने, १९१० साली. पंडित सातवळेकर १९१८ पासून तीस वर्षे औंधात राहून वेदांवर आणि योगासनांवर पुस्तके लिहीत राहिले, तेही याच राजाच्या आश्रयाने.

व्यायामाचे वेड बाळासाहेबांना लहानपणापासून. पण गंमत अशी की ऐन उमेदीची दहा वर्षे त्यांनी काढली ती युजेन सँडोच्या डंबेल्सवर. सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध पहिलवान. त्याची पुस्तके आणि साधने हिंदुस्थानात येत होती आणि शिकलेल्या तरुणांना तीच आधुनिक वाटत होती. बाळासाहेबांनी ती मागवली आणि नेटाने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांचे उदाहरण पाहून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. म्हणजे घरचा व्यायाम त्यांना सापडला तो परदेशी व्यायामाला वळसा घालून. आपल्या अनेक गोष्टींचे असेच होते.

नमस्कार घालण्याची चाल जुनीच. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. तालमीत नमस्कार होते, व्रतवैकल्यांत होते. पण हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत सूर्यनमस्काराचे आसन म्हणून वर्णन नाही. उलट हठप्रदीपिकेवरच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत, अति नमस्कार घालून शरीराला क्लेश देऊ नयेत, असा इशारा आहे. बाळासाहेबांनी नवे केले ते असे: नमस्काराच्या दहा अवस्था ठरवल्या. कोणत्या अवस्थेत गुडघा कुठे, तळहात कुठे, श्वास आत की बाहेर, हे सांगितले. एकदा टेकलेले तळहात फेरी पुरी होईपर्यंत हलवायचे नाहीत, वाकताना गुडघे मोडायचे नाहीत, असे साधे पण कडक नियम घातले. मित्र, रवी, सूर्य, भानू ही बारा नावे आणि त्यांच्या आधीची ह्रां, ह्रीं ही बीजाक्षरे यांची जोड दिली. मग हे सारे त्यांनी संस्थानच्या शाळांत लावले. १९२८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले.

या उत्साहात अतिरेकही होता, हे सांगितले पाहिजे. नमस्काराने जवळजवळ सगळे रोग टळतात, असा राजेसाहेबांचा दावा असे. आजचे वैद्यक तो मान्य करणार नाही. आणि राजाची हौस हा प्रजेच्या पोरांचा रोजचा नेम झाला, त्यात प्रत्येक पोराची खुशी होती असेही नव्हे. पण एक खरे, की राजा आधी स्वतः करी आणि मग दुसऱ्याला सांगे.

लंडनच्या बायकांसाठी

१९३६ साली बाळासाहेब विलायतेला गेले. तिथे ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकातल्या लुईझ मॉर्गन या बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. साठी कधीच उलटलेला हा राजा इतका ताठ आणि तजेलदार कसा, याचे त्यांना कुतूहल वाटले. वाचकांनाही वाटले, विशेषतः स्त्रियांना. त्यातून १९३८ मध्ये मॉर्गनबाईंनी संपादित केलेले ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

पुस्तकाचे नाव बारकाईने पाहण्यासारखे आहे. मुख्य नावात सूर्यही नाही आणि नमस्कारही नाही. आहेत त्या दहा पायऱ्या आणि आरोग्य. परमुलखात गेलेल्या विद्येचे पहिले काय होते, तर तिचे नाव बदलते. औंधच्या देवघरातून निघालेली गोष्ट लंडनच्या बैठकीच्या खोलीत पोचली तेव्हा ती बांधेसूदपणाचा उपाय झाली होती. बाळासाहेबांना याचे वैषम्य वाटल्याचे दिसत नाही. माणसाने रोज करावे, एवढाच त्यांचा हट्ट.

याच दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्यांची योगशाळा चालू होती आणि तिथे सूर्यनमस्कारांचा वर्ग वेगळा भरत असे. योगाचा आधुनिक इतिहास लिहिणाऱ्या मार्क सिंगलटन आणि इलियट गोल्डबर्ग या अभ्यासकांनी औंधच्या या प्रचाराचे महत्त्व अलीकडे तपशिलाने दाखवून दिले आहे. दोन वेगळे प्रवाह होते, ते पुढे एकात एक मिसळले. आज परदेशी वर्गात शिकवला जातो तो या मिसळणीतून तयार झालेला योग.

राजपुत्राची वणवण

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांचा जन्म १९१२ चा. शिक्षण ऑक्सफर्डला, मग बॅरिस्टरी. परत आले तो संस्थानात वेगळेच वारे. मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर, गांधीजींचा सल्ला आणि राजाची तयारी यांतून १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हवाली केली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला बिनभिंतींचा तुरुंग उभा राहिला. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरच बेतलेला. राजपुत्र खेड्यापाड्यांत हिंडू लागला, पुढे संस्थानचा पंतप्रधान झाला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि पस्तिशीतल्या या माणसाला ना गादी उरली ना राज्य. नेहरूंनी त्याला नैरोबीला पाठवले.

तिथून जी वणवण सुरू झाली ती १९७५ पर्यंत. पूर्व आफ्रिकेत १९५४ पर्यंत, मग सिक्कीम-भूतानात १९६१ पर्यंत, मग इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन आणि इटली. या माणसाच्या वाट्याला आलेला काळही साधा नव्हता. केनियात माऊ माऊचा उठाव आणि आफ्रिकी नेत्यांशी मैत्री केली म्हणून गोऱ्यांचा रोष. गंगटोकला असताना तिबेटची शोकांतिका. कैरोत १९६७ चे युद्ध. लंडनमध्ये १९७१ ची बांगलादेशची लढाई. आणि या सगळ्यात बरोबर नेता येण्याजोगी एकच वडिलोपार्जित इस्टेट, ती म्हणजे रोजचे नमस्कार.

नकाशा समोर घेऊन याचा विचार करून पाहा. नैरोबी विषुववृत्ताला लागून आणि जकार्ताही तिथून फार दूर नाही. तिथे सूर्य बारा महिने साधारण त्याच वेळी उगवतो. सूर्याच्या नावाने व्यायाम करणाऱ्याला याहून सोयीचा मुलूख नाही. गंगटोकला पावसाळ्यात दिवसच्या दिवस धुके. आणि ऑस्लोत डिसेंबरमध्ये सूर्य उगवतो तोच नऊच्या सुमारास, आणि दुपारी तीनच्या पुढे मावळतोही. पहाटे पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे, तर समोर काळोख आणि खिडकीच्या काचेवर बर्फ. औंधच्या माळावर जो नियम निसर्गाने सहज पाळायला लावला होता, तो इथे माणसाने स्वतःच्या बळावर पाळायचा. भ्रमंती साधनेची परीक्षा घेते ती इथे. घरी आपल्याला घड्याळ, शेजार, सवय, ऊन, सगळे धरून ठेवतात. परमुलखात आपल्याला धरायला आपणच.

अप्पासाहेबांनी ‘सूर्यनमस्कार’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले ते १९७० साली, लंडनला हायकमिशनर असताना. त्याच सुमारास लंडनच्या प्रौढशिक्षणाच्या वर्गांत अय्यंगार पद्धतीचा योग रीतसर शिरत होता. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे ‘लाइट ऑन योगा’ १९६६ मध्येच आले होते. हिप्पींचा जमाना होता, पूर्वेकडच्या कशालाही गिऱ्हाईक होते. अशा वेळी अप्पासाहेबांनी वडिलांचीच शिस्त पुन्हा मांडली. वडिलांच्या पुस्तकाच्या मुख्य विलायती नावातून गळालेला सूर्य आणि नमस्कार मुलाने, जवळजवळ तेवढ्याच वर्षांनी मोठ्या झालेल्या लंडनमध्ये, परत जागेवर बसवले.

पोट आणि पाठ

आता आजच्या फिरत्या योगशिक्षकाकडे वळू. त्याच्यात आणि अप्पासाहेबांत एक मोठा फरक आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. अप्पासाहेबांचे पोट योगावर नव्हते. सरकारी पगार होता, बंगला होता. शिष्य आला काय, न आला काय, चूल अडत नव्हती. आजच्या मुलाला वर्ग भरला तरच पुढचे तिकीट काढता येते. म्हणून त्याला प्रत्येक गावी नवे काहीतरी द्यावे लागते, फोटो काढावे लागतात, प्रसन्न दिसावे लागते. दिवसाला तीन वर्ग घेणाऱ्याचे स्वतःचे नमस्कार राहूनच जातात. आचाऱ्याला शेवटी जेवायला भूक उरत नाही, तसे.

यात त्या मुलाला नावे ठेवण्याचे कारण नाही. विद्येवर पोट भरणे हा गुन्हा नव्हे. आपले कीर्तनकार, गवई, वैद्य हेच करत आले. पण त्यांच्या मागे एक गाव असे, घराणे असे, चुकले तर कान धरणारा कुणी असे. तीन महिन्यांनी मुक्काम हलवणाऱ्याला चूक दाखवणारा भेटत नाही. चुकीच्या पद्धतीने वाकवलेली शिष्याची पाठ दुखू लागते तेव्हा गुरुजी दुसऱ्या देशात असतात. दोनशे तास हा आरंभ म्हणून ठीक आहे. पण औंधचा राजा दहा वर्षे एक व्यायाम करून, मग दुसरा वीस वर्षे करून, तेव्हा कुठे इंग्रजी पुस्तकाला हात घालतो, हा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मग जाऊ नये का? जरूर जावे. चार हात जागा, दहा अवस्था आणि बारा नावे एवढ्या सामानावर जग पालथे घालता येते, हे औंधच्या बापलेकांनी दाखवून दिले आहे. फक्त निघताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. वर्गात एकही माणूस आला नाही, त्या सकाळी मी नमस्कार घालणार आहे का? आणि मी जे शिकवतो ते कुठून आले, हे मला सांगता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही द्यायचे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा योग दिन ठरवला, १७७ देशांनी त्या ठरावाला हात दिला. दरवर्षी त्या दिवशी मैदाने भरतात. सातारा-सांगलीतल्या शाळांची मुले रांगेत उभी राहून नमस्कार घालतात. त्यांच्यापैकी कितींना माहीत असते, की या कवायतीची मांडणी त्यांच्याच जिल्ह्यातल्या एका टेकडीच्या पायथ्याच्या गावात झाली? औंधला यमाईचे दर्शन होते, संग्रहालयातली चित्रे पाहून होतात. राजाच्या नमस्काराची आठवण मात्र तिथे जाणाऱ्याला क्वचितच होते. परदेशी जाणाऱ्या एखाद्या मुलीने सामान बांधण्याआधी एक दिवस काढून औंधला जावे, एवढे सुचवावेसे वाटते. पुढे कुणी ऑस्लोत किंवा नैरोबीत विचारले, की हे तू कुठे शिकलीस, तर सांगायला गावाचे नाव असेल.