अध्याहृत आधारविधाने

‘पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे’ या अनुमानात ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे विधान अध्याहृत, म्हणजे न उच्चारता गृहीत धरलेले असते. न्यायदर्शनाने या नियत साहचर्याला व्याप्ती म्हटले आणि पंचावयवी वाक्यात, स्वयंपाकघराच्या दृष्टान्तासह, ते उघडपणे मांडण्याचा दंडक घातला, ही फार मोलाची शिस्त होय. निगामी अनुमानात असे विधान जोडले की निष्कर्ष अटळ ठरतो. विगामी अनुमानात, म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी निष्कर्ष काढताना, पेच अधिक खोल आहे: निसर्ग पुढेही पूर्वीसारखाच वागेल हे गृहीतक तेथे दडलेले असते आणि अनुभवाने ते सिद्ध करू गेल्यास तेच पुन्हा गृहीत धरावे लागते, असे डेव्हिड ह्यूम याने १७४८ मध्ये दाखवले. व्याप्तीचे ज्ञान होते कसे, हा चार्वाकांचा आक्षेपही याच मर्मावर बोट ठेवतो.